परसबाग : पुसा रूबीचें घरचें बियाणें

भाद्रपद जवळ आला कीं टोमॅटोच्या रोपांविषयीं वाचकभगिनींचीं पत्रें येऊं लागतात. बहुतेकींची तक्रार एकच : गेल्या वर्षीं बाजारांतील उत्तम फळाचें बीं जपून ठेविलें, तें उगवलेंही, परंतु फळें मूळ फळासारखीं आलीं नाहींत. यांत त्यांच्या मेहनतीचा दोष नाहीं. बाजारांतील बहुतेक फळें संकरित बियाण्याचीं असतात, आणि संकराचे गुण पुढच्या पिढींत विखुरतात. ज्यांस घरचें बियाणें धरावयाचें असेल, त्यांनीं सरळ वाण निवडिला पाहिजे. असा एक जुना व भरंवशाचा वाण म्हणजे पुसा रूबी.

टोमॅटो आपल्याकडील मूळचा नव्हे. त्याची जन्मभूमि अमेरिका खंडांत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो इकडे आला. म्हणून वृन्ताकास, म्हणजे वांग्यास, जसें संस्कृतांत जुनें नांव आहे, तसें त्याच्या या भावंडास नाहीं. मराठीनें त्यास कोठें बेलवांगें म्हटलें, कोठें भेदरें. तांबड्या रसामुळें आपल्या आज्या-पणज्यांपैकीं कित्येकींनीं त्यास सोंवळ्यांतल्या स्वयंपाकांत येऊं दिलें नाहीं. आतां मात्र साराचें पातेलें त्यावांचून चुलीवर चढत नाहीं.

पुसा हें बिहारांतील गांव. तेथें १९०५ सालीं सरकारी कृषि-संशोधनसंस्था स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपांत तिची इमारत ढासळली, व १९३६ सालीं संस्था दिल्लीस गेली. गांव मागें राहिलें, पण नांव बरोबर गेलें. आणि तेथें सिद्ध झालेल्या अनेक वाणांच्या मस्तकीं तें बसलें. पुसा रूबीच्या मातापित्यांपैकीं एक ‘सू’ नांवाचा अमेरिकन वाण, व दुसरा मेरठकडील सुधारलेला वाण. फळ मध्यम, किंचित् चपटें, अंगावर पन्हळी असलेलें आणि चवीस आंबट. साल पातळ असल्यामुळें तें दूरच्या प्रवासास टिकत नाहीं. म्हणून बाजार त्यास फारसा मान देत नाहीं. परसांतून स्वयंपाकघरापर्यंतच ज्यास जावयाचें, त्याच्या बाबतींत हा दोष कसला?

देशावर पावसाचा जोर ओसरला म्हणजे बीं टाकावें. खोक्यांत माती व जुनें शेणखत समभाग घेऊन बीं अर्ध्या पेराइतकें खोल पेरावें, व वर जुन्या मलमलीचें वस्त्र ताणून बांधावें. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणु एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि या रोगास पुसा रूबी सहज बळी पडतो. पानें आंखडून वर वळलेलें झाड मुळासकट उपटावें. त्यास औषध नाहीं.

२५ ते ३० दिवसांचें रोप संध्याकाळीं लावावें. खालचीं पानें काढून देंठ थोडा मातींत पुरला, तर त्यासही मुळें फुटतात. दोन रोपांत दीड फूट अंतर असावें. कुंडी निदान बारा इंच खोल असावी. सहा तास ऊन मिळावें. ज्या जागीं गतवर्षीं वांगीं, मिरच्या किंवा बटाटे होते, ती जागा टाळावी. हीं सर्व एकाच कुळांतलीं असल्यानें रोगही समाईक. बांबूचा आधार द्यावा व सुतळी सैल बांधावी. भोंवतीं झेंडू लावला, तर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग तिकडेही वळतो, आणि दसऱ्यास फुलें मिळतात तीं वेगळींच. अळ्या वेंचण्याचें काम मुलांस सांगावें. त्यांची दृष्टि तीक्ष्ण असते.

पाणी मुळाशीं, सकाळीं आणि नेमानें घालावें. चार दिवस कोरडे जाऊन पांचव्या दिवशीं घागर ओतली, तर फळें तडकतात. अनियमित पाण्यानें त्यांचें बूडही काळें पडतें. मोठ्या कुटुंबांत एकाच दिवशीं तिघे पाणी घालतात आणि दुसऱ्या दिवशीं कोणीच नाहीं. म्हणून हें काम एकाच्याच नांवावर असावें. लावणीपासून ६०-६५ दिवसांत फळें पिकूं लागतात. पुढें ऊन ३५ अंशांपलीकडे गेलें कीं फुलें गळतात; त्यावर खत वाढवूं नये.

आतां मुख्य गोष्ट. सर्वांत निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोंसांतील फळें हेरून त्यांस दोरा बांधावा, म्हणजे तीं कोशिंबिरींत जाणार नाहींत. पूर्ण पिकल्यावर गर रसासह कांचेच्या भांड्यांत काढून एक-दोन दिवस आंबूं द्यावा. बियांवरील बुळबुळीत वेष्टन अंकुरास अडवितें; तें आंबण्यानें सुटतें. मग धुवावें, भरीव बिया तळीं बसतात, पोकळ तरंगतात. तळच्या बिया ताटलींत सावलींत वाळवाव्या. कागदावर त्या चिकटतात. कोरड्या बाटलींत भरून वर वाणाचें नांव व साल लिहावें. टोमॅटोचें फूल बहुधा स्वपरागानेंच फळतें, म्हणून वाण शुद्ध राहतो. आणि कोरडें राहिलेलें बीं तीन-चार वर्षें उगवतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. २०२३ च्या मे महिन्यांत शेतकऱ्यांस टोमॅटो मातीमोल विकावा लागला, आणि जुलैंत तोच शहरांत किलोस शंभर रुपयांच्या पुढें गेला. चार झाडांनीं ही विषमता मिटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सरळ वाण जगतात ते लोकांच्या घरीं. कोणीच बीं धरिलें नाहीं, तर त्यांचें नांव केवळ पुस्तकांत उरेल. शेतकऱ्यास आपलें बियाणें राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानें मान्य केला आहे; पण हक्क वापरल्याखेरीज राहत नाहीं. सासरीं जाणाऱ्या मुलीस आपण मेतकूट व लोणचें देतों. त्याच पिशवींत बियांची एक पुडी घालावी, आणि तें कसें धरावें, हेंही तिला शिकवून पाठवावें.

पुढील अंकीं मिरचीचा विचार करूं.