शेततळ्यांतील मोती व मोठ्या दाण्याचा मोह

आपल्या गंगापूर तालुक्यांत शेततळीं झालीं, आणि त्या पाण्यावर आणखी काय पिकवितां येईल हा विचार साहजिकच सुरू झाला. त्यांत मोत्यांच्या शेतीचें नांव वारंवार निघतें. जाहिरातींत बोराएवढे गोल, टपोरे मोती दाखविलेले असतात, व ते पाहून कोणाचेंही मन चळावें यांत नवल नाहीं. हा धंदा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चित्रांतला मोती आपल्या तळ्यांतला नव्हे, एवढें मात्र कर्ज काढण्यापूर्वीं प्रत्येकानें समजून घेतलें पाहिजे.

मोठ्या मोत्याची ओढ जुनीच. आपल्या घरांतील नथींत व तन्मण्यांत बसलेले बसरा मोती इराणच्या आखातांतले. पाणबुडे जीव धोक्यांत घालून शेकडों शिंपले काढीत, तेव्हां एखादा बरा दाणा हातीं लागे. जपानांत मिकिमोतो यांनीं १८९३ सालीं शिंपल्यांत कण बसवून अर्धगोल मोती तयार केला. पुढें पूर्ण गोल मोतीही साधला, आणि मोती सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आला. तथापि जपानी शिंपला लहान, म्हणून त्याचा मोती १० मिलीमीटरच्या वर क्वचितच जातो. त्याहून मोठे, १५ मिलीमीटरपर्यंतचे व क्वचित् त्याच्याही वरचे दाणे होतात ते ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया व फिलिपाईन्स येथील समुद्रांत. तेथील शिंपला ताटाएवढा वाढतो, त्यांत मोठा मणी मावतो, व सुमारे दोन वर्षें त्यावर थर चढत राहतात. थर जाड, तसें मोत्याचें पाणी खोल. आपल्या देशांत तुतिकोरिन येथें १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं गोल मोती पिकविला, तोही खाऱ्या पाण्यांत व लहान जातीच्या शिंपल्यांतच.

आतां गोड्या पाण्याकडे वळूं. आपल्याकडील शिंपला ८ ते १० सेंटीमीटर लांबीचा. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथें केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्था आहे. तिनें बसविलेल्या रीतींत पोटांत घालावयाचा मणी २ ते ४ मिलीमीटरचाच असतो, व मुदत १२ ते १८ महिन्यांची. याहून मोठी वस्तु हवी तर कवचाच्या आंत गणपतीचा किंवा अन्य आकृतीचा सांचा बसवितात, व त्यावर पातळ थर चढतो. ती वस्तु सुबक असते, विकतेही. पण सराफाच्या तराजूंत तिला गोल मोत्याचा भाव मिळणें कठीण. चीनमध्यें गोड्या पाण्यांतही मोठे गोल मोती होऊं लागले आहेत खरे, परंतु तेथील शिंपला निराळ्या जातीचा व पुष्कळ मोठा.

शिवाय आपलें तळें प्लॅस्टिकच्या कागदाचें. शिंपल्याचें खाद्य जें सूक्ष्म शेवाळ, तें शेण घालून वाढवावें लागतें, आणि तेंच शेवाळ ठिबकाच्या नळ्या तुंबवितें. वैशाखांत पाणी तळाशीं गेलें म्हणजे मोसंबी जगवावी कीं शिंपला, हा प्रश्न उभा राहील. त्याचें उत्तर आम्हांस तरी ठाऊक आहे. कायगावाकडील जायकवाडीच्या फुगवट्यांतून शिंपले फुकट आणूं असें कोणी म्हणेल, तर तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तेथून परवानगीवांचून कांहीं काढणें गुन्हा ठरेल, हें विसरूं नये.

शिंपले विकणारेच पुढें मोती विकत घेण्याची लेखी हमी देतात, याचाही विचार व्हावा. शिंपल्यांची किंमत व शिकवणीची फी आज रोख घेतली जाते. हमीची कसोटी मात्र दीड वर्षानें लागते, आणि तोंवर हमी देणारा त्याच पत्त्यावर सांपडेल कशावरून? मोत्यांत एवढा नफा असता, तर त्यानें शिंपले विकले कशाला असते? जमिनीवर बोजा चढवून कोणीं या फंदांत पडूं नये. हौस असेल त्यानें वरील संस्थेंत शिक्षण घ्यावें व थोडक्यावरून आरंभ करावा.

आमची सूचना अशी कीं, आपल्या मंडळानेंच एका सभासदाच्या तळ्यांत २०० शिंपले ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर किती मेले, किती मोती निघाले, आणि संभाजीनगरच्या सराफानें काय भाव सांगितला, याचा जमाखर्च याच मासिकांत छापावा.