डॉक्टरांना ‘नाही’ कसं म्हणायचं?



पूर्वी आपल्या पार्ट्यांमधे पुरुषांच्या घोळक्यात ग्रीनकार्ड आणि घराचा व्याजदर, एवढे दोनच विषय असायचे. आता केस पिकले तसा विषय बदलला: ‘तुझं एलडीएल किती?’ मागच्या महिन्यात इथे न्यू जर्सीत एका मित्राकडे पॉटलक होतं. पिठलं-भाकरीच्या रांगेत उभ्या उभ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीवरून म्हणजे स्टॅटिनवरून चांगलीच जुंपली. तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणतो, डॉक्टरांनी सांगितली ना, मग गपचूप घ्यायची. दुसरा म्हणतो, हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. तिसरा पक्ष काहीच बोलत नाही. तो डॉक्टरांपुढे मान डोलावतो, फार्मसीतून बाटली आणतो आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात ठेवून देतो. माझा अंदाज आहे की हा तिसरा पक्ष सगळ्यात मोठा आहे. आजचा लेख त्यांच्यासाठी.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. कुणी गोळी घ्यावी आणि कुणी नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. पण मतभेद कसा मांडावा, यावर दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

आधी या गोळीची कुळकथा थोडक्यात. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं. १९८७ मधे अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीचे निकाल आले. साधारण साडेपाच वर्षांत साध्या गोळीवाल्यांपैकी २५६ माणसं दगावली, सिमव्हास्टॅटिनवाल्यांपैकी १८२. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते. ज्यांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय किंवा अंजायना आहे, त्यांच्या बाबतीत खरं तर वाद तिथेच संपला.

वाद आहे तो आपल्यासारख्यांचा, म्हणजे ज्यांना अजून काहीच झालेलं नाही पण रिपोर्टवर आकडा लाल अक्षरात आलाय त्यांचा. इथे गणित जरा शांतपणे करायला हवं. समजा तुमच्यासारखी १०० माणसं आहेत आणि दहा वर्षांत त्यातल्या १० जणांना हार्ट अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोक येणार आहे. एलडीएल साधारण ३९ अंकांनी खाली आलं तर हा धोका पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून थोडा अधिक कमी होतो. म्हणजे १० चे झाले ८. डॉक्टर म्हणतात ‘वीस टक्के फायदा’, आणि ते खरं आहे. पेशंट म्हणतो ‘शंभरात दोघांसाठी अठ्ठ्याण्णव जणांनी रोज गोळी गिळायची?’ तेही खरंच आहे. दोघंही एकाच आकड्याकडे दोन बाजूंनी बघत असतात. भांडण विज्ञानाचं नसतंच, ते दोन जणांचं मोल किती धरायचं याचं असतं. आणि ते ठरवण्यात पेशंटचा वाटा निम्म्याहून अधिक असायला हवा, असं माझं मत आहे.

आता आपल्या लोकांची खास गोष्ट. इथल्या डॉक्टरांनी बरीच वर्षं जो धोका-मापक वापरला, त्यात ‘व्हाइट’, ‘आफ्रिकन अमेरिकन’ आणि ‘अदर’ एवढेच पर्याय होते. आपण ‘अदर’. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत मात्र दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्ट लिहिला गेला. म्हणजे मापक सहा टक्के म्हणाला, तरी आपल्या बाबतीत ते सहा थोडे जाडजूडच समजायचे. ‘मी तर शाकाहारी, दारू-सिगरेट नाही, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

माझाच किस्सा सांगतो. वय ५२, एलडीएल १४१, मापकावर दहा वर्षांचा धोका साधारण ६ टक्के, आणि वडिलांना ५४ व्या वर्षी अ‍ॅटॅक आलेला. डॉक्टरीणबाईंनी रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम लिहून दिली. मी म्हटलं, ‘मला ही आत्ता घ्यायची नाहीये. का नाही ते सांगू का?’ बाई कीबोर्डवरून हात काढून माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमधे एवढंही मला पुष्कळ वाटलं.

मी दोन मुद्दे मांडले. एक, आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी माझ्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत काही साठलंय का हे मला बघायचं होतं. त्यासाठी कॅल्शियम स्कोअरचं स्कॅन असतं. स्कोअर शून्य आला आणि मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात लवकरचा हृदयविकार नसेल, तर गोळी काही वर्षं पुढे ढकलता येते असं त्याच २०१८ च्या सूचनांत आहे. बाई म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांचा इतिहास आहे, त्यामुळे शून्य आला तरी मी तुम्हाला पूर्ण सूट देणार नाही. पण करा.’ इन्शुरन्सने पैसे दिले नाहीत, शंभरेक डॉलर खिशातून गेले. स्कोअर आला ३८. फार नाही, पण शून्यही नाही. माझा पहिला मुद्दा तिथे निकालात निघाला.

दुसरा मुद्दा डोसचा. रोसुव्हास्टॅटिनच्या अमेरिकन लेबलवर २००५ पासून लिहिलेलं आहे की आशियाई लोकांच्या रक्तात हे औषध साधारण दुप्पट प्रमाणात सापडतं, म्हणून त्यांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. त्या यादीत चिनी, जपानी, कोरियन यांच्याबरोबर भारतीय वंशही नावानिशी आहे. शिवाय कुठल्याही स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास घटतं. बहुतेक काम पहिल्या छोट्या डोसनेच होतं. मी लेबलचं पान छापून नेलं होतं. बाईंनी ते वाचलं, हसल्या आणि २० खोडून ५ केले. तीन महिन्यांनी एलडीएल ८८. बाई खूष, मी खूष. हा मतभेद नसता, तर बहुधा मी चौपट गोळी घेत बसलो असतो. किंवा, तिसऱ्या पक्षात जाऊन, काहीच नाही.

आता या तिसऱ्या पक्षात जाण्याची किंमत काय असते ते सांगतो.

माझे सासरे सांगलीचे, वय ७४, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. ब्लडप्रेशरच्या तीन गोळ्या. कागदावर तिन्ही रोज. प्रत्यक्षात ते एकच घ्यायचे, तीही दिवसाआड. त्यांचं म्हणणं असं की गोळ्यांनी अंगातलं बळ जातं. हे त्यांनी तिथल्या डॉक्टरांना कधीच सांगितलं नाही, कारण ‘ते रागावतात’. प्रत्येक भेटीत प्रेशर जास्त यायचं आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवायचे. त्यांच्या दृष्टीने औषध कमी पडत होतं. असं चार वर्षं चाललं. कागदावरचा डोस चढत गेला आणि पोटात जाणारी गोळी होती तेवढीच राहिली.

इथे त्यांना न्यूमोनिया झाला, अ‍ॅडमिट करावं लागलं. बायकोने औषधांची पिशवी नर्सच्या हातात दिली. यादी झाली आणि कागदाबरहुकूम तिन्ही गोळ्या पूर्ण डोसमधे सुरू झाल्या. दुसऱ्या रात्री बाथरूमला जायला उठले आणि कोसळले. प्रेशर ८४ वर ५०. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते यातून बाहेर आले, पण हातात काठी आली ती आजतागायत आहे. हॉस्पिटलने यादीप्रमाणेच औषध दिलं होतं. यादी डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणेच होती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एक वाक्य चार वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं: ‘डॉक्टर, मी ही घेत नाही.’

सासऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेण्याचं प्रमाण सरासरी निम्मंच आहे. म्हणजे हा काही आपल्या आई-वडिलांचा खास हट्ट नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांपुढे ‘नाही’ म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. मग आपण तोंडाने ‘हो’ म्हणतो आणि घरी येऊन हाताने ‘नाही’ करतो. ऑफिसात मॅनेजरच्या डिझाइनमधे दहा चुका काढणारा आपला माणूस कागदी गाऊन घातला की एकदम पाचवीतला विद्यार्थी होतो.

दुसऱ्या पक्षालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन स्नायूंच्या गंभीर नुकसानीमुळे ऑगस्ट २००१ मधे बाजारातून काढून घ्यावं लागलं होतं. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता किंचित वाढते हेही सिद्ध आहे: २०१० च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात, २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह, असा हिशोब निघाला. आपल्याकडे मधुमेह आधीच घरोघरी, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा.

पण अंगदुखीचं काय? लंडनच्या इंपिरियल कॉलेजने २०२० मधे एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या: चारमधे स्टॅटिन, चारमधे साधी गोळी, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली. रिकाम्या महिन्यांत त्रासाचा सरासरी गुणांक होता ८, साध्या गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास अगदी खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के हा ‘गोळी घेतोय’ या भावनेचा होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. कुणी त्यांना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून झिडकारलं नाही; त्यांचंच म्हणणं तपासून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

आणि ‘नैसर्गिक’वाल्यांसाठी: स्टॅटिन नको म्हणून हेल्थ स्टोअरमधून जी ‘रेड यीस्ट राइस’ची कॅप्सूल आणता, त्यात असणारं मोनाकोलिन-के हे लोव्हास्टॅटिनच आहे. फरक एवढाच की किती आहे ते बाटलीवर धड कळत नाही. आयुर्वेदिक औषधं जरूर घ्या, पण २००४ मधे बॉस्टन भागातल्या देशी दुकानांतली ७० उत्पादनं तपासली तेव्हा १४ मधे शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं होतं. म्हणून काय घेताय ते डॉक्टरांना सांगा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. सज्ञान माणूस औषध नाकारू शकतो हे अमेरिकेत आता वादातीत आहे. ब्रिटनमधे २०१५ च्या माँटगोमरी खटल्यानंतर पेशंटला महत्त्वाचे धोके आणि पर्याय सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी पोर्टलवर वाचता येतात. तिथे ‘पेशंट डिक्लाइन्ड’ लिहिलेलं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका. ती नोंद खोट्या ‘हो’पेक्षा लाखपटीने बरी.

पुढच्या वेळी खिशात ही चिठ्ठी ठेवा:

१) माझ्यासारख्या शंभर जणांत ही गोळी न घेता किती जणांना त्रास होईल, आणि घेतली तर किती जणांना?
२) त्रास झाला तर काय होईल, आणि तो मला कसा ओळखू येईल?
३) दुसरा पर्याय काय? कमी डोस, दुसरं औषध, आणखी एखादी तपासणी?
४) तीन महिने काहीच केलं नाही तर काय बिघडेल?

चौथा प्रश्न विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका, कारण काही औषधांचं उत्तर ‘पुष्कळ बिघडेल’ असं असतं. स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची गोळी, बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड, बीटा ब्लॉकर – ही आपल्या मनाने एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. तिथे भांडायचं असेल तर गोळी चालू ठेवून भांडा.

आणि एक विनंती. या आठवड्यात भारतात फोन कराल तेव्हा आई-बाबांना ‘औषधं वेळेवर घेताय ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’च येणार. ‘यातली कुठली गोळी तुम्हाला आवडत नाही?’ असं विचारा, आणि मग मधे न बोलता ऐका. जे कळेल ते त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा. तुमचे अनुभवही जरूर लिहा.

भेटू पुढच्या अंकात. तोवर वरच्या कप्प्यातली बाटली एकदा खाली काढून बघा.