लेखणीची पारख



शाळा सुरू होण्याच्या सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लेखनसाहित्याविषयीचा प्रश्न हटकून असतो. यंदा तो तीन निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. पेन बदलल्याने मुलाचे अक्षर सुधारेल काय, असे एका मातेने विचारले आहे. एका निवृत्त शिक्षकांना सांधेदुखीमुळे चार ओळींच्या पलीकडे लिहवत नाही. पत्रव्यवहार सोडूनच द्यावा काय, असा त्यांचा प्रश्न. आणि धर्मशिक्षण वर्गात शिकवणाऱ्या एका भगिनीची तक्रार अशी की, नाताळात मोठ्या हौसेने रंगविलेली भित्तिपत्रके जून उजाडेपर्यंत ओळखू येईनाशी झाली. तिघांना वेगवेगळी उत्तरे देण्यापूर्वी लेखणी पारखावी कशी, याचाच थोडा विचार करू.

आपल्या पणजोबांना हा प्रश्न पडत नसे. बोरू, दौत आणि शाई सुकविण्यासाठी चिमूटभर वाळू एवढा त्यांचा सरंजाम. बोरू ज्याचा त्याने तासावयाचा, त्याचे टोक तिरपे कापावयाचे. देवनागरीसाठी हा काप एका दिशेने, तर रोमन लिपीसाठी नेमका उलट. कारण दोन्ही लिप्यांतील जाड-बारीक रेषांचे वळण परस्परविरुद्ध आहे. शाई काजळ आणि डिंक यांची. मोडी लिहिणारा कारकून आधी शिरोरेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगीत जाई. पुढे टाक आला. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमन यांनी फाउंटन पेनाचे पेटंट घेतले आणि दौत पेनाच्या पोटात शिरली. मुंबईत १९३१ साली दि. प. व गो. प. दांडेकर या बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड व वड्या करण्यास प्रारंभ केला. त्यांतूनच पुढे 'कॅम्लिन' हे नाव घरोघर पोहोचले. १९३८ साली लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने बॉलपेनाचे पेटंट घेतले. १९६२ मध्ये जपानच्या युकिओ होरिए यांनी तंतूंच्या टोकाचे पेन सिद्ध केले, आणि १९८४ मध्ये जपानमध्येच जेल शाई तयार झाली. आज दुकानाच्या फळीवर ही सारी मंडळी एका रांगेत उभी असतात, आणि गिऱ्हाईक गोंधळून जाते.

मग गिऱ्हाईक काय करते? दुकानदाराने पुढे केलेल्या कागदावर दोन वेटोळी काढते, आपली सही करते आणि पैसे देते. वेटोळ्याने पेनाची परीक्षा होत नाही, कारण वेटोळे कोणत्याही पेनाने सुरेखच येते. सहीनेही होत नाही, कारण सही हा सवयीचा फराटा असतो. देवनागरीची कसोटी निराळी. लांब शिरोरेघ मध्ये न तुटता येते काय, 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ठ', 'द्ध' यांच्या गाठी भरून जाऊन काळा ठिपका तर होत नाही ना, उभ्या दंडाच्या शेवटी शाईचा थेंब साचतो काय, हे पाहावे. बारीक अक्षर असणाऱ्यास ०.५ मिलिमीटरची गोळी मानवते, मोठ्या अक्षरास ०.७ किंवा १ मिलिमीटरची. चांगल्या दहा ओळी सलग लिहिल्यावाचून पेनाचा स्वभाव कळत नाही. पहिल्या दोन ओळींत प्रत्येक पेन पाहुण्यासारखे वागते.

पेनांच्या या निरनिराळ्या स्वभावांचे मूळ शाईत आहे. बॉलपेनातील शाई तेलकट व दाट असते. टोकाची गोळी फिरली तरच ती कागदावर येते, आणि गोळी फिरविण्यास हाताचा दाब लागतो. फाउंटन पेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते; निबाची फट आणि कागद ती आपण होऊन ओढून घेतात, म्हणून तेथे दाब नको असतो. जेल शाई या दोहोंच्या मधली. गोळी फिरू लागली की ती पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट. मार्करच्या पोटात शाईने भिजलेला तंतूंचा बोळा असतो आणि टोकही तंतूंचेच असते. त्यातील शाई पाण्यात कालविलेली आहे की अल्कोहोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात, यावर त्याचे सारे गुणदोष ठरतात.

आता मुख्य गोष्ट. लिहिलेल्या अक्षराचे शत्रू चार: पाणी, ऊन, काळ आणि माणसाचा हात. कोणते पेन चांगले, हे विचारण्याआधी आपले अक्षर यांपैकी कोणाच्या तावडीत सापडण्याचा संभव आहे, हे विचारावे.

पाण्याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठची कित्येक गावे पाण्याखाली घातली. पाणी ओसरल्यावर एका घरी गेलो असता, दिवंगत वडिलांची हिशेबाची वही मुलाने दोरीवर वाळत घातलेली पाहिली. वडील व्यवस्थित गृहस्थ होते. तीस वर्षांचे देणे-घेणे त्यात होते. फाउंटन पेनाने, धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईने लिहिलेली पाने नुसती आकाशासारखी निळी झाली होती. बॉलपेनाची पाने सुरकुतली होती, परंतु वाचता येत होती. एका सावकारी कर्जाच्या फेडीची नोंद नेमकी निळ्या पानावर होती. ती पुसली गेली. मात्र समासात वडिलांनी पेन्सिलीने 'पूर्ण फेडले' एवढे शब्द आणि तारीख लिहून ठेवली होती, ती जशीच्या तशी राहिली. पेन्सिलीतील ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने विटत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या चार शब्दांना किती मोल होते, हे वकिलांनी सांगावे. पण धनकोचे वृद्ध पुत्र आले, त्यांनी वहीचे ते पान उजेडात धरले, अक्षर ओळखले, आणि "हे मास्तरांचेच," एवढे म्हणून विषय मिटविला.

या घटनेचा बोध असा की, हिशेब, औषधांच्या नोंदी, जमिनीची मापे, मुलांच्या जन्मवेळा या गोष्टी धुऊन जाणाऱ्या शाईने लिहू नयेत. बाटलीवर किंवा वेष्टनावर 'वॉशेबल' असे छापलेले असल्यास ती शाई मुलांच्या गणवेशासाठी वरदान आहे, दस्तऐवजासाठी नव्हे. परीक्षा सोपी आहे. एका कागदावर घरातील प्रत्येक पेनाने एक ओळ लिहावी, पुढे पेनाचे नाव लिहावे, एक तास सुकू द्यावे आणि प्रत्येक ओळीवर पाण्याचा एक थेंब सोडावा. जेल पेनांच्या बाबतीत तर ही परीक्षा अवश्य करावी. काहींत न विरघळणारे रंगकण असतात आणि काहींत नुसता विरघळणारा रंग, व बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरा शत्रू ऊन. आमच्या भगिनींची भित्तिपत्रके त्यानेच खाल्ली. साध्या स्केच पेनांतील व पुष्कळशा मार्करांतील रंग हे विरघळलेले रंग असतात. प्रकाश त्यांचे हळूहळू विघटन करतो. ओळी अधोरेखित करण्याच्या झगझगीत मार्करचा रंग तर सर्वांत आधी उडतो. थोरामोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८८ साली दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे बोरू कापून त्याने अनेक रेखाचित्रे काढली. आपल्या कारकुनांचेच हत्यार, पण शाई त्या काळी नव्याने निघालेली रासायनिक जांभळी! त्यांतील काही चित्रे आज तपकिरी दिसतात. उलट, काजळाची शाई शतकानुशतके उन्हाला दाद देत नाही. तेव्हा टिकाऊ भित्तिपत्रकासाठी पिगमेंट शाईचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचे पेन किंवा मार्कर घ्यावे. परीक्षेसाठी रंगविलेल्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ती दक्षिणेकडील खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवावी. पुठ्ठा काढला की खरे-खोटे आपोआप उघडे पडते.

तिसरा शत्रू काळ. बाप्तिस्मा व विवाह यांच्या जुन्या नोंदवह्या हाताळताना त्याचे काम डोळ्यांनी दिसते. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली शाई युरोपात शेकडो वर्षे दस्तऐवजांसाठी वापरली गेली. ती लिहिताना फिकट असते, हवेने काळी होते आणि कागदाच्या तंतूंत मुरते; पाण्याने सहसा जात नाही. परंतु ती आम्लयुक्त असल्यामुळे दमट हवेत कालांतराने कागदच खाते, आणि अक्षरांच्या जागी जाळी उरते. आज नोंदवहीसाठी काळ्या पिगमेंट शाईचे पेन उत्तम. बॉलपेनच वापरावयाचे असेल तर दस्तऐवजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, 'आयएसओ १२७५७-२' हा, उल्लेख वेष्टनावर आहे काय, हे पाहावे. या नोंदी हा काही कागदी उपचार नाही. परदेशी जाणाऱ्या तरुणाला किंवा वारसाहक्क मागणाऱ्या विधवेला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ओळीचा आधार लागतो, आणि ती ओळ लिहिणारा तेव्हा सांगायला उरलेला नसतो.

चौथा शत्रू माणसाचा हात. पुसता येणाऱ्या जेल पेनाची मुलांत मोठी चलती आहे. त्याच्या मागील टोकाने घासले की अक्षर अदृश्य होते. पण येथे रबर शाई खरवडून काढीत नाही. घासल्याने उष्णता निर्माण होते आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला शाईचा रंग जातो. म्हणजेच मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत वही राहिली तर पाने कोरी होऊ शकतात. गंमत अशी की, शून्याच्या खाली दहा-वीस अंशांपर्यंत थंड केल्यास ती अक्षरे पुन्हा उमटतात! गणिताच्या कच्च्या कामास हे पेन उत्तम. धनादेश, पावती, उत्तरपत्रिका व सही यांसाठी सर्वथा वर्ज्य. भिडेखातर दुसऱ्याच्या पेनाने सही करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता आमच्या निवृत्त शिक्षकांकडे वळू. त्यांनी पत्रव्यवहार सोडू नये, बॉलपेन सोडावे. दुखऱ्या बोटांना शीण येतो तो मुख्यतः दाबाने आणि बारीक दांडी घट्ट धरण्याने. मऊ चालणारे फाउंटन पेन, ०.७ चे जेल पेन किंवा तंतूंच्या टोकाचे पेन घ्यावे. दांडी जाड असावी, नसल्यास तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवावा किंवा कापडी पट्टी गुंडाळावी. फाउंटन पेनात चित्रकारांची लाखयुक्त काळी शाई मात्र कदापि भरू नये. ती आत वाळून पेन कायमचे निकामी करते.

मुलाच्या मातेला सांगावयाचे ते असे. पेनाने अक्षर सुधारत नाही, परंतु अयोग्य पेनाने ते बिघडते खचित. फार गुळगुळीत पेन नवशिक्या हाताच्या पुढे पळते, आणि फार कोरडे पेन त्याला कागदावर ओरखडे काढावयास लावते. पेन्सिलीसारखा किंचित अटकाव देणारे पेन निवडावे आणि मुलालाच त्याने दहा ओळी लिहू द्याव्यात. आपण त्याच्या हातातून पेन काढून घेऊ नये. लहानग्यांसाठी टोपणाच्या वरच्या टोकाला भोक असलेले पेन पाहावे. ते भोक चुकून राहिलेले नसते. टोपण घशात अडकलेच तर श्वास चालू राहावा म्हणून ठेवलेले असते. उग्र वासाचे मार्कर बंद खोलीत मुलांना देऊ नयेत.

चित्रकलेची हौस असणाऱ्यांनी कागदही पारखावा. नेहमीच्या वहीचा कागद पातळ, म्हणून अल्कोहोलचा मार्कर पाठीमागे फुटतो. बायबलचा कागद तर त्याहून कितीतरी पातळ. त्यात खुणा करावयाच्या असतील तर पेन्सिल किंवा कोरडी रंगीत पेन्सिल एवढेच वापरावे. वर्गातील पांढऱ्या फळ्यावर कोणी चुकून कायमच्या मार्करने लिहिले तर घाबरू नये. त्याच अक्षरांवर फळ्याच्या मार्करने गिरवावे आणि ओले असतानाच पुसावे. दोन्ही निघून येतात.

महागड्या साहित्याची मात्र गरज नाही. गोव्यातील लोटली गावच्या मारियो मिरांडा यांनी (१९२६–२०११) बालपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढली, तेव्हा आईने त्यांच्या हाती एक कोरी वही दिली. तिला ते आपली रोजनिशी म्हणत. शाळेत धर्मगुरूंची चित्रे काढल्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली, असेही सांगतात. आम्हा मंडळींनी ती चित्रे जपून ठेवावयास हवी होती! शाईच्या रेषेतून साऱ्या गोव्याला हसविणाऱ्या त्या कलावंताचा प्रारंभ एका कोऱ्या वहीपासून झाला.

तेव्हा येत्या रविवारी दुपारी घरातील सारी पेने आणि मार्कर एका ताटात काढा. मुलांना सोबत घेऊन एका कागदावर प्रत्येकाची ओळ लिहा, थेंब टाका, बोटाने घासून पाहा, कागद उलटा करून पाहा. ज्या पेनाची ओळ तरून जाईल ते घरातील महत्त्वाच्या नोंदींसाठी वेगळे ठेवा; बाकीची शाळेत, बाजारात व खेळात खुशाल वापरा. आणि काय आढळले ते या सदराला अवश्य कळवा. मात्र पाकिटावरचा पत्ता थेंबाच्या परीक्षेत उतरलेल्या पेनानेच लिहा. पावसाचे दिवस आहेत आणि टपाल आमच्यापर्यंत बहुधा भिजूनच येते.