एमआरपी छापता, मग मुदत का लपवता?

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर तो कधीपर्यंत खाण्याजोगा आहे हे छापावे लागते. दहा-बारा हजारांच्या मोबाईलच्या खोक्यावर मात्र त्याला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, याबद्दल चकार शब्द नसतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती एमएएचची, हे ठळक अक्षरांत. ज्या दिवशी कंपनी त्या फोनला वाऱ्यावर सोडणार ती तारीख मात्र वेबसाइटच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, नाहीतर कुठेच नाही. याला विसराळूपणा म्हणत नाहीत. ही लबाडी आहे, आणि ती सरकारच्या डोळ्यांदेखत राजरोस चालली आहे.

हे अपडेट म्हणजे काही नव्या रंगाचे चिन्ह किंवा गमतीचा स्टिकर नव्हे. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघडकीस आला. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल, अशी ती भानगड होती. तेव्हापासून गूगल दरमहा दोषांची यादी आणि त्यांवरची दुरुस्ती जाहीर करते. फोन बनवणाऱ्यांना ती किमान महिनाभर आधी कळवली जाते. चिपवाल्याने आणि फोनवाल्याने मिळून ती आपापल्या मॉडेलात बसवायची असते. ज्या मॉडेलवरून कंपनीने हात झटकले, तिथे ती पोचतच नाही. यादी मात्र अख्ख्या जगाला दिसते, चोरालाही. नव्या फोनमध्ये कोणते भोक बुजवले हे पाहिले की जुन्या फोनमध्ये कोणते उघडे राहिले हे त्याला आपोआप कळते. म्हणून अपडेट थांबलेला फोन महिन्यागणिक अधिक धोक्याचा होत जातो. आणि हे होत असताना काच फुटत नाही, आवाज बिघडत नाही, मालकाला पत्ताही लागत नाही.

कंपन्या म्हणतात, जुन्या फोनला हे देणे शक्य नाही. साफ खोटे! ॲपलने २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती दिली. २००१ च्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये संपवला होता. पण २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर, ब्रिटनच्या रुग्णालयांतसुद्धा, हाहाकार उडवला तेव्हा त्याच एक्सपीसाठी दुरुस्ती बाहेर आली. निकड भासली की सगळे शक्य होते. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे अपडेट कबूल केले. बाजारात आले तेव्हा दोन्ही फोन भारतात पाऊण लाखाच्या घरातले. म्हणजे विद्या आहे, माणसे आहेत, यंत्रणा आहे. फक्त दहा हजारवाल्याची किंमत नाही! त्याच्या वाट्याला अनेकदा दोन-तीनच वर्षे, आणि तीही बहुधा मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजलेली. दुकानात वर्षभर पडून राहिलेला फोन घेणाऱ्याने ते वर्ष आधीच गमावलेले असते. सेकंड हँड घेणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

सरकारही धुतल्या तांदळासारखे नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आज भाजीवालीचा गल्लाही फोनमध्ये आहे. २०२१ पासून महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत स्वतः फोनवरून करायची. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत केले. तापतात, अडकतात, काम होत नाही, ही त्यांची तक्रार. त्यात सुरक्षेचा मुद्दा नव्हता, हे खरे. पण ज्या खात्याने फोन चालेल की नाही हे पाहिले नाही, त्याने तो सुरक्षित किती वर्षे राहील हे विचारले असेल, यावर आमचा विश्वास नाही. नागरिकाला फोन सक्तीचा करायचा आणि फोनवाल्याला कसलीच सक्ती करायची नाही, हा कुठला न्याय?

आपल्याकडच्या बहुतेक ऑनलाइन फसवणुका ओटीपी काढून घेऊन, भीती घालून किंवा खोट्या एपीके फाइली पाठवून होतात. सगळे खापर जुन्या फोनवर फोडणे अप्रामाणिकपणा होईल. पण पैसे गेल्यावर काय होते पाहा. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले, की ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. त्याच्या निष्काळजीपणाला नाव आहे, दंड आहे. कंपनीच्या निष्काळजीपणाला नावसुद्धा नाही.

नेदरलँड्समध्ये ‘कॉन्सुमेंटनबाँड’ ही ग्राहकसंघटना याच प्रश्नावर सॅमसंगविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये हरली. जे तिथे साधले नाही त्यासाठी पुढे कायदा झाला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून मॉडेलची विक्री थांबल्यानंतर पुढची पाच वर्षे अपडेट मोफत, असा नियम लागू आहे. त्यातही ‘अपडेट देत असाल तर’ अशी पळवाट राहून गेली आहे. आपण नक्कल करताना तो ‘तर’ उचलू नये! आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढले. पोर्टलने भोके बुजत नाहीत.

खोक्यावर एमआरपी आणि उत्पादनाचा महिना छापायला लावणारे नियम याच विभागाच्या हातात आहेत. त्यांत एका ओळीची भर घालायला कुणाचा मुहूर्त हवा आहे? एमआरपीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, अपडेटची शेवटची तारीख; आणि ती शेवटचा नग विकला गेल्यापासून किमान पाच वर्षांनंतरची. तारीख पाळली नाही तर दंड. ज्या कंपनीला ओझे वाहायचे नाही तिने फोनचे सॉफ्टवेअरवरचे कुलूप काढून द्यावे, म्हणजे दुसरे जाणकार तरी त्याची डागडुजी करतील. स्वतः करायचे नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचे नाही, ही मिजास आता पुरे.

महाराष्ट्र सरकारला तर यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहण्याचेही कारण नाही. सेविकांसाठी, तलाठ्यांसाठी, शाळांसाठी जो कोणता फोन वा टॅब्लेट यापुढे खरेदी होईल, त्याच्या निविदेत पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटची लेखी हमी मागावी, आणि जी कंपनी ती देणार नाही तिचा दराचा लिफाफा उघडूच नये.