दहा हजार पावलं कुणाची?

मनगटावरच्या बँडमध्ये दिसणारा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानच्या बाजारात 'मान्पो-केई' नावाचं कमरेला लावायचं यंत्र आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. ऐकायला भरघोस आणि लक्षात ठेवायला सोपा, म्हणून आकडा टिकला. संशोधन नंतर आलं. आय-मिन ली यांच्या गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या, सरासरी ७२ वर्षं वयाच्या महिलांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा जवळपास थांबला. साठीच्या आतल्यांसाठी ही पातळी आठ ते दहा हजारांच्या आसपास आहे, असं २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मधल्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. म्हणजे दोन हजारांवरून चार हजारांवर जाणाऱ्याला सगळ्यांत जास्त मिळतं. नवावरून दहावर जाणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः स्क्रीनवरचे फटाके.

मी तळवड्याला कोड लिहितो. घरून काम असलं की संध्याकाळी सहापर्यंत माझी जेमतेम अकराशे पावलं होतात, आणि माझ्या टीममधल्या बहुतेकांची गत तीच. पोट सुटलेलं नाही ना, मग काय झालं, असं आपण म्हणतो. त्यांनी एक जुना फोटो जरूर पाहावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, हा आपला भारतीय देह आहे. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासाने दिला, तो याच देहांचा हिशोब. त्यामुळे खुर्चीवर दिवस काढणाऱ्या तिशीतल्या मुलामुलींनी बँड घ्यावा, दर तासाला तो मनगटावर थरथरला की उठावं, हे मी बिनदिक्कत सांगतो.

पण इथून पंधरा-वीस किलोमीटरवर चाकणला गोष्ट उलटी होते.

माझा चुलत भाऊ तिथे एका व्हेंडर कंपनीत कंत्राटी आहे. ओव्हरटाइम धरून बारा तास. मी गंमत म्हणून माझा जुना बँड त्याला दिला. शिफ्ट सुटताना सोळा हजार! ऑफिसच्या स्पर्धेत असता तर ट्रॉफी घेऊन आला असता. तो म्हणाला, "भाई, पाय सुजलेत, ट्रॉफीचं काय करू?"

त्याच्या या प्रश्नामागे विज्ञान आहे. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांवरचा अभ्यास २०२१ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आला. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता; कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र जास्त. अशा अभ्यासांवर वाद आहेत, पगार आणि राहणीमानाचा फरक पूर्ण वजा करता येत नाही. तरी संशोधक देतात ते स्पष्टीकरण लाईनवर उभं राहिलेल्या कुणालाही पटेल. संध्याकाळी अर्धा तास झपझप चालताना नाडी वाढते आणि मग शरीर विसावतं. शिफ्टमध्ये नाडी आणि रक्तदाब तासन्‌तास किंचित चढलेले राहतात, ओझं उचलावं लागतं, थांबायचं कधी हे दुसरा कुणी ठरवतो. बँडला दोन्ही पावलं सारखीच.

किंबहुना ती पावलंही त्याला नीट दिसत नाहीत. आत ॲक्सिलरोमीटर नावाची चिमुकली चिप असते. ती तीन दिशांमधला हिसका मोजते आणि हात लयीत हलला की पाऊल धरते. दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलणाऱ्याची पावलं निसटतात. रमजानमध्ये तरावीहच्या वीस रकाती उभं राहिलात तरी ती फारसं काही धरत नाही. कडेवर मूल घेऊन जिना चढणारी आईसुद्धा तिच्या हिशोबात अर्धवटच येते.

बायकांचा विषय निघालाच आहे. भारतात २०२२ मध्ये सुमारे ५७ टक्के प्रौढ महिला आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते, असं २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने छापलं. आमची मोशीची खाला हे ऐकून हसली. पहाटे फजरपासून ती ओट्यापाशी उभी असते. पण उभं राहणं आणि स्वतःसाठी चालणं यांत फरक आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांत तो फरक मुलींना नेमका कळतो. क्लासला जायला, दळण आणायला परवानगी लागत नाही. नुसतं चालायला निघालं की "कुठे?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. गंमत अशी, की माझ्या बहिणीला ते उत्तर बँडने मिळवून दिलं. "आज तीन हजार कमी पडलेत" म्हटलं की अम्मी गप्प बसतात. डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. आता शेजारच्या दोघींना घेऊन ती निगडीच्या दुर्गा टेकडीवर जाते. बहिणीला बाहेर पडायला यंत्राची चिठ्ठी लागावी, हे भावांना खटकायला हवं. मला खटकतं. तोवर चिठ्ठी चालू दे.

एक सावधगिरी. बँड तुमची नाडी, झोप, पाळी, फिरण्याचा रस्ता सगळं टिपतो. कंपनीच्या स्पर्धेत नाव घालताना रोजचा तपशील एचआरकडे जातो का, हे लेखी विचारा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, आणि वाचल्याशिवाय दिलेली संमतीही संमतीच धरली जाते.

आता रस्त्याचं. निगडी प्राधिकरणात झाडाखाली चालता येतं, कारण १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि घरांआधी रस्त्यांची आखणी झाली. चाकणला आधी कारखाने आले. तळेगाव चौकातून रात्रपाळीला पायी जाणारा कामगार कंटेनरच्या चाकाला खेटून चालतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारीचा हा मुलूख. इथल्या लोकांना चालायचं कसं, हे शिकवायची गरज नाही.

म्हणून वाचकांना एक काम. पुढचा आठवडा बसथांब्यापासून कंपनीच्या गेटपर्यंतची पावलं बँडवर किंवा मोबाइलवर मोजा. त्यातली किती फुटपाथवर पडली आणि किती गाड्यांच्या रस्त्यावर, हे दोन आकडे वेगळे लिहा. शिफ्टची वेळ आणि थांब्याचं नाव टाका. लाईनवर काम करणाऱ्या एकाला आणि घरातल्या एका बाईला सोबत घ्या, त्यांचे आकडेही लिहा. आमच्याकडे पाठवा. तक्ता करायचं काम माझ्याकडे, आणि तो पिंपरी-चिंचवड महापालिकेला आणि एमआयडीसीला देताना सोबत यायला कोण तयार आहे, तेही कळवा.