डब्यात मका टाकण्याआधी

दिवाळीच्या आसपास सिल्लोडला या. अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, मिळेल त्या सपाट जागी मका वाळत घातलेला दिसेल. बाजार समितीत दाणा दाताखाली फोडून ओल ठरवणारे व्यापारी भेटतील, आणि त्या ओलीवरून भाव पाडला म्हणून कुरकुरणारे शेतकरीही. हाच मका पुढे कोंबडीखाद्यात, स्टार्चच्या कारखान्यात आणि अलीकडे इथेनॉललाही जातो. त्यामुळे परदेशात घरी बिअर करणारे आपले वाचक जेव्हा विचारतात, ‘तयार डब्यात थोडा मका टाकला तर?’, तेव्हा गावच्या प्रेमापोटी हो म्हणावंसं वाटतं. पण उत्तर नाही असंच आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, आणि घरातली बादली त्याला अपवाद नाही. ब्रिटनने घरगुती बिअरवरचा परवाना 1963 मध्ये काढून टाकला. अमेरिकेत 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने संघराज्याच्या पातळीवर वाट मोकळी झाली. तेव्हा पुढचा मजकूर तिकडच्या वाचकांसाठी आहे, आणि 2009 मध्ये पुण्यात दूलाली सुरू झाल्यापासून आपल्याकडे जी परवानाधारक छोटी बिअरघरं उभी राहिली, तिथे काम करणाऱ्यांसाठी. सिल्लोडच्या वाचकांनी स्वयंपाकघरातला एक प्रयोग तेवढा करून पाहावा. तो खाली दिला आहे आणि तो पूर्ण कायदेशीर आहे.

नवशिक्याच्या संचात असतं काय? ऑस्ट्रेलियातल्या कूपर्सचा नेहमीचा डबा घ्या. 1.7 किलो दाट काळसर पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी. त्यात किलोभर साखर आणि पाणी घालून 23 लिटर करायचं. तो पाक म्हणजे माल्टचा काढा आटवून केलेला, त्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच उतरवलेला. म्हणजे धान्य मोडवणं, भरडणं, स्टार्चची साखर करणं ही सगळी मेहनत कारखान्याने करून दिलेली आहे. ते करताना दिलेल्या उष्णतेत माल्टमधली विकरं, स्टार्च तोडणारी ती हत्यारं, मेलेली असतात. मक्याच्या प्रश्नाचं सगळं मूळ इथे आहे.

यीस्टला स्टार्च खाता येत नाही. मक्याचं पीठ बादलीत टाकलं तर ते तळाशी बसतं, वरचं पेय गढूळ करतं, आणि त्यातल्या स्टार्चवर रानटी जंतूंची मात्र चंगळ होते. मद्य एका थेंबाने वाढत नाही. एका वाचकाने ‘मका घालूनही बिअर हलकीच राहिली’ अशी तक्रार केली आहे. बिचाऱ्या मक्याचा त्यात काही दोष नाही.

आता तो प्रयोग. मक्याच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, इतकी की चमचा उभा राहील. दोन वाट्यांत सारखी ओता आणि बोट जेमतेम टेकवता येईल इतकी निवू द्या. एका वाटीत नाचणीच्या सत्त्वाचा एक चमचा घाला, पण ते मोड आणून नुसतं वाळवलेल्या नाचणीचं हवं, भाजलेलं नको. ढवळा, झाका आणि चहा घेऊन या. वीसेक मिनिटांनी एक वाटी होती तशीच असेल आणि दुसरी चमच्यावरून ओघळायला लागलेली असेल. जिभेला किंचित गोडही लागेल. लहान मुलाची पेज पातळ व्हावी म्हणून मोडाचं पीठ घालणाऱ्या आज्या आणि बिअरवाले एकाच विकरावर जगतात. सत्त्व उकळत्या पेजेत घातलंत तर काहीच होणार नाही. आपल्या डब्याचं नेमकं तेच झालेलं असतं.

मग ज्याला मका घालायचाच आहे त्याने काय करावं? अंकुर काढलेला मक्याचा रवा घ्यावा, कारण अंकुरात तेल असतं आणि तेल फेस मारतं. अर्धा किलो रवा भरपूर पाण्यात मऊसूत शिजवावा, 70 अंशांच्या खाली उतरू द्यावा, त्यात किलोभर भरडलेलं साधं बार्लीचं माल्ट मिसळावं आणि भांडं गोधडीत गुंडाळून तासभर 65-66 अंशांवर राखावं. मग गाळून, उकळून, निववून तो रस बादलीत घालावा. तेवढ्यापुरती साखर कमी करावी. डब्यातला पाक मात्र उकळू नये, आहे तो सुगंध उडून जातो. एवढी खटपट नको असेल तर दुकानातला डेक्स्ट्रोज घ्या. तो बहुधा मक्याचाच असतो, फक्त गावाचं नाव पुसलेलं असतं.

गुळाची गोष्ट वेगळी. गूळ यीस्टला सरळ खाता येतो, आणि म्हणूनच तो हातून जास्त पडतो. ब्रिस्बेनला नातेवाइकांकडे मी पहिल्यांदा डबा लावला तेव्हा साखरेऐवजी अख्खी किलोची ढेप उकळून घातली. तीन आठवड्यांनी जे हाती आलं ते बिअरसारखं दिसत होतं आणि लागत होतं गुऱ्हाळाच्या कढईतल्या खरवडीसारखं, वर थोडं खारट. गुळाची साखर यीस्टने फस्त केली आणि मागे राहिले क्षार. आता मी 23 लिटरला पाव किलोच्या वर जात नाही. उरलेल्या साखरेच्या जागी सुकी माल्ट पावडर घालतो, म्हणजे अंग भरतं. रंग पिवळाधमक करायला हायड्रोस मारलेला गूळ घेऊच नका, गंधकाचा वास बाटलीपर्यंत पाठ सोडत नाही. आणि बाटलीत फेसासाठी गुळाचा खडा अंदाजाने टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती: लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर, तीही वजन करून. जास्त झाली तर बाटली फुटते, आणि काच डोळ्याची उंची पाहून उडत नाही.

मिरचीबद्दल सिल्लोडकराने न बोलणं शक्य नाही. इथली हिरवी मिरची ट्रकने बाहेर जाते. पण तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, मद्यात उतरतो. सुरुवातीलाच मिरच्या टाकून चौथ्या दिवशी चाखणारा ‘काहीच लागत नाही’ म्हणून आणखी दोन टाकतो, आणि महिन्याने सगळ्या पाहुण्यांना पाणी पाजत बसतो. आंबून झाल्यावर एकच मिरची, बिया काढून, वाफवून घाला. रोज चव घ्या आणि पटली की काढा.

एवढं सगळं लिहिल्यावर माझं खरं मत सांगतो. पहिला डबा कागदावर लिहिलंय तसाच करा. दुसऱ्यात एकच गोष्ट बदला. पत्रांतून कळतं ते असं की पहिल्याच बादलीत मध, आलं, संत्र्याची साल, वेलची असं सगळं पडतं आणि मग बिघडलं कशाने ते कुणालाच सांगता येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची बादली तीस अंशांच्या खोलीत होती. तिथे एलचं यीस्ट नको ते वास सोडणारच, वर वेलची घाला नाहीतर केशर. तीच बादली 18 ते 20 अंशांत ठेवलीत तर निम्म्या मसाल्यांची गरजच उरत नाही.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना कृपया तीन आकडे लिहा: सुरुवातीची घनता, शेवटची घनता आणि खोलीचं तापमान. शेवटची घनता लागोपाठ दोन दिवस तीच आल्याशिवाय बाटल्या भरू नका.