पंचांग पाहून निघावे

मुंबईच्या गर्दीला कंटाळलेली माणसे शनिवारी लोणावळ्याला निघतात आणि बोरघाटात तीच गर्दी पुन्हा गाठतात. भाऊचा धक्का कुणाला आठवत नाही. हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरावे, मासळीच्या टोपल्या आणि बर्फाचे पाणी चुकवत धक्क्यावर पोचावे, उरणच्या मोरा बंदराची लाँच धरावी. सकाळ-संध्याकाळ तिच्यात चाकरमानी असतात. दुपारच्या फेरीत ऐसपैस बसता येते. पाऊण-एक तास जातो. इंजिनाच्या धडधडीत फोनवर बोलता येत नाही, हा फायदाच समजायचा. डावीकडे जवाहर द्वीपाला लागलेली तेलवाहू जहाजे, त्यामागे घारापुरीचा डोंगर. नांगरलेल्या एखाद्या जहाजाजवळून लाँच गेली तर त्याच्या गंजक्या पोटावर जहाज पाण्यात किती बुडाले आहे ते दाखवणारे आकडेही वाचता येतात.

आता लाँच हवीच कशाला, असे विचारणारे भेटतात. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी लोकलही उरणला पोचली. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल तिकडून जावे. मात्र 21.8 किलोमीटरच्या त्या सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे, हे मोटारवाल्यांच्या सहसा ध्यानात नसते.

लाँचचे खरे दुखणे वेगळेच आहे. मोऱ्याला गाळ साचतो आणि ओहोटीला पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागत नाही. मग काही तास फेऱ्याच बंद. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास भरती असते आणि संध्याकाळी सहा-सातला पाणी पार तळाला जाते, म्हणजे नेमके परतीच्या वेळी. कोळ्याला हे सांगावे लागत नाही, तो तिथीवरून पाणी ओळखतो. दादरहून आलेल्या माणसाने काय करावे? भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून तयार असतात, तरी फेऱ्या कधी बंद राहणार हे त्याला तिकीट-खिडकीवरच कळावे, याला कारभार म्हणत नाहीत.

समुद्रावर पूल बांधणाऱ्या सरकारला एका बंदरातला गाळ जड जाऊ नये. मेरीटाइम बोर्डाने तो दरवर्षी, नेमाने काढावा. आणि तोवर निदान आठवडाभराच्या बंद वेळांचा एक ठळक फलक भाऊच्या धक्क्यावर आणि डॉकयार्ड रोड स्थानकात लावावा.